कॉटपर्यंत पोचणारी वायर

मी वायर बोलतेय. तुम्ही मला पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीच्या कडेने धूळ खात पडलेली काळी जाड दोरी असते ना, तीच मी. माझ्या एका टोकाला तीन पिनांचा प्लग आहे. दुसरं टोक कॉम्प्युटरच्या पाठीत बसतं. दोन्ही टोकं कशात तरी खुपसलेली असल्यामुळे मला बोलायला फारशी संधी मिळत नाही. आज मिळाली आहे, तर सांगून टाकते.

माझा जन्म हडपसरच्या एका शेडमध्ये झाला. तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांना पीळ घालून तीन वायरी केल्या. एकीला तपकिरी कपडे दिले, एकीला निळे आणि तिसरीला हिरवे-पिवळे. मग तिघींना एकाच काळ्या आवरणात घातलं. अशी झाले मी. तपकिरी वायर वीज घेऊन जाते, निळी परत आणते. हिरवी-पिवळी काहीच करत नाही. तिला कॉम्प्युटरच्या पत्र्याला आणि भिंतीतून थेट जमिनीला जोडून ठेवायचं आणि तिने वाट बघायची. कधी आत काही बिघडलं आणि वीज पत्र्यात शिरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता हिच्यातून जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. बहुतेकींचा जन्म वाट बघण्यातच जातो.

शेडमध्ये हिरा नावाच्या बाई आम्हाला तपासायच्या. त्यांनी माझी दोन्ही टोकं यंत्रात खुपसली आणि तीन हिरवे दिवे लागले. त्या वेळी त्या शेजारणीला मेथी किती महाग झाली ते सांगत होत्या. त्यांनी तिन्ही दिव्यांकडे नीट पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मेथी खरंच महाग झाली असावी.

तिथून मी तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात आले. दुकान बद्रीनाथकाकांचं. त्यांनी मला एका खिळ्याला टांगलं आणि विसरून गेले. खिळ्यावरून माणसांचा चांगला अभ्यास होतो. वायर घ्यायला आलेला माणूस आधी लांबी विचारतो, मग "यात पांढरा रंग नाही का?" विचारतो, मग "याच्यापेक्षा कमी किमतीची?" असं विचारतो. आत काय आहे, हे कोणी विचारत नाही. मला हातात घेतलेल्या प्रत्येकाने "फारच जाड आहे" म्हणून परत दिलं. हे वाक्य लग्नाच्या बोलण्यांतही चालतं, असं मी ऐकलं आहे.

आता ज्या घरात मी आले, त्या घरची गोष्ट आधी सांगते. ती मला नंतर कळली. त्या घरातल्या जुन्या वायरीने सांगितली. पण ती आधी कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर यज्ञेश्वर आजोबा आणि सरोजिनी आजी राहतात. त्यांचा मुलगा आमोद, सून आणि दहावीतली नात सुरुची त्यांच्याबरोबर असतात. सून बँकेत आहे. ती घरी येईपर्यंत घरातले सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. सुरुची फारसं बोलत नाही. पाहुणे आले की ती स्वयंपाकघरातली भांडी पुसते, पुसलेली असली तरी.

आजोबा शाळेतून निवृत्त झाल्यापासून एक काम करतात. डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतात. या वर्षी ते अपेक्षासाठी वाचत होते. अपेक्षा वर्ध्याकडची, इथे हॉस्टेलवर राहून बी.ए. करणारी. सहकाराच्या इतिहासाचं तिचं जाड पुस्तक आवाजात कुठेच मिळत नव्हतं. आजोबांनी अर्धं वाचून दिलं, आणि मग बाल्कनीतली कुंडी हलवताना ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं, आणि हिसका बसेल असं काही करायचं नाही.

आतल्या खोलीत भाड्याची लोखंडी कॉट आली. अपेक्षाची परीक्षा तोंडावर होती आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये होता.

"मोबाईलवर रेकॉर्ड करा ना," आमोद म्हणाला.

"मोबाईलवर मी फक्त निधनवार्ता वाचतो," आजोबा म्हणाले. "आणि तुझा लॅपटॉप?"

"तो ऑफिसचा आहे, बाबा. त्यात बाहेरचं काही घालता येत नाही."

"मी बाहेरचा?"

"तुमचा आवाज."

म्हणून कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणायचं ठरलं. अडचण एवढीच होती की खोलीतला एकुलता एक प्लग पॉइंट उत्तरेच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे. आणि आजोबांचं डोकं दक्षिणेकडे. कॉट फिरवली असती तर कॉम्प्युटर प्लगजवळ आला असता आणि कुठल्याच वायरीची गरज पडली नसती.

"दक्षिणेला पाय करून झोपवायचं?" आजी म्हणाल्या. "यमाच्या दिशेला? या वयात?"

"यमाकडे पत्ता असतो, सरोजिनी. माझे पाय बघून तो येणार नाही."

"पण त्याला पायाने खुणावायची काय गरज आहे?"

कॉट आडवी ठेवून पाहिली तर दार उघडेना. त्यामुळे कॉट होती तशी राहिली आणि कॉम्प्युटर तिच्या उशाशी आला. जुनी वायर पोचत नव्हती. तिला एक एक्स्टेंशन बोर्ड जोडला आणि तो फरशीवर ठेवला. आजी तिथेच बादली घेऊन आजोबांचं अंग पुसून द्यायच्या. म्हणून बोर्डावर दुधाची रिकामी पिशवी पालथी घातली आणि सगळ्यांना सुरक्षित वाटू लागलं.

या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इथे चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. मंत्र्याची असली तरी येणार नाही. पण कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक निळ्या रबरी चपलांचा जोड कायम असतो. त्याला 'कॉम्प्युटरच्या चपला' म्हणतात. कारण या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. अगदी पहिल्यापासून येतात. आजी पाहुण्यांना सांगायच्या, "त्याचा स्वभावच तसा आहे. चपला घालून बसा, काही करत नाही." दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतात तेव्हा चपला बाजूला ठेवतात, आणि त्या दिवशी तो सुरू करत नाहीत.

मुंग्यांचं कारण जुन्या वायरीला माहीत होतं. आमोदने ती आणली तेव्हा हॉलमधला बोर्ड दोन छिद्रांचा होता. वरची जाड पिन आत जाईना. आमोदने पकड आणली आणि पिन मोडून टाकली. "तेवढीच नडत होती," तो म्हणाला. ती नडणारी पिन म्हणजेच हिरवी-पिवळी वायर. जुनी सांगत होती, "मी तेव्हापासून दोन पायांवर चालतेय. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं असं नाही. मला बोलता कुठे येतं?"

आता, पडून राहिलेला माणूस चपला कशा घालणार, हा प्रश्न आला. आजींनी त्या धुतल्या, पुसल्या आणि कॉटवर, धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर आजोबांच्या पायांत घातल्या.

आजोबांनी मान उचलून पायांकडे पाहिलं. "सरोजिनी, मी कुठे निघालोय?"

"निघू नये म्हणूनच घालतेय."

दोन दिवस आजोबा चपला घालून, आडवे पडून, सहकाराचा इतिहास वाचत होते. तिसऱ्या दिवशी पान उलटताना त्यांचं कोपर डब्याला लागलं आणि दुसरा हात कॉटच्या लोखंडी कठड्यावर होता. या खेपेला मुंग्या आल्या नाहीत, झटका बसला. त्यांनी हात झटकला आणि तो हिसका खुब्यापर्यंत गेला. आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त पुस्तक बंद केलं. त्या दिवशी पुढे वाचलं नाही. संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला, तेव्हा "आज घसा जरा बसलाय" म्हणाले.

सुरुची दारात उभी राहून हे बघत होती. तिने सुतळी आणली आणि प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंत मोजायला लागली. आमोदने आधीच हवेत हात पसरून अंदाज घेतला होता. सुरुची सुतळी भिंतीच्या कडेकडेने, कपाटाच्या कोपऱ्याला वळसा घालून, टेबलाच्या पायावरून वर नेत होती.

"अगं, सरळ मोज ना," आमोद म्हणाला.

"सरळ गेली तर आजी अडखळेल," सुरुची म्हणाली. एवढं हळू की आमोदला ऐकू आलं नाही. त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

आणि अशी ती दोघं बद्रीनाथकाकांच्या दुकानात आले. इथून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

"कॉम्प्युटरची पॉवर केबल हवी. लांब," आमोद म्हणाला.

"किती लांब?"

"लांब म्हणजे... लांबच."

"कोथरूडपर्यंत?" काकांनी वर न बघता विचारलं. पायांना चिखल आणि डोक्यावर हेल्मेट घेऊन आलेला माणूस कोथरूडचा, हे ते बरोबर ओळखतात.

सुरुचीने खिशातून सुतळीचं भेंडोळं काढून काउंटरवर ठेवलं. काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोल बाळ, बाहेर सगळं पुणं हॉर्न वाजवतंय."

"एवढी," सुरुची म्हणाली. "आणि थोडीशी जास्त."

काकांनी एक पांढरी वायर टाकली. चकचकीत पाकीट, वर उडणाऱ्या रॉकेटचं चित्र. वायरीचा आणि रॉकेटचा संबंध मला अजून समजलेला नाही. "पाच मीटर. सगळे हीच नेतात."

आमोदने ती तळहातावर तोलली. "हलकी आहे. छान. उरलेली गुंडाळून कॉटखाली टाकू."

सुरुचीने प्लग हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. मग ती काउंटरवरच्या मीटरकडे बघत राहिली. त्या मीटरच्या दोन सळ्या वायरीच्या दोन टोकांना लावल्या, आणि आत तार अखंड असली, तर तो 'पीं' करतो. तिच्या मनात काय आहे ते काकांना कळलं. दुकानदारांना गिऱ्हाइकाची नजर कळते.

"वाजवून बघायचीय? बघ." त्यांनी सळ्या एका पिनेला लावल्या. पीं. दुसरीला लावल्या. पीं. मीटर बाजूला ठेवला.

"तिसरी?" सुरुची म्हणाली.

"ती नुसती शोभेला असते."

सुरुचीचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही गप्प बसणार. ती गप्पच बसली, पण प्लग काही तिने खाली ठेवला नाही. प्लगही नाही आणि नजरही नाही. शेवटी काकांनी सळी तिसऱ्या पिनेला लावली. काही आवाज आला नाही. पुन्हा लावली. वायर काउंटरवर आपटली आणि पुन्हा लावली. बाहेरचे हॉर्न तेवढे ऐकू आले. पिन होती, पण तिच्या मागे तारच नव्हती.

"अहो, हे काय!" आमोद म्हणाला. "हे तुम्ही सांगायला नको?"

"मी सांगितलं तर लोक म्हणतात, महागाची खपवतोय. नाही सांगितलं तर म्हणतात, सांगितलं का नाही. म्हणून मी विचारलं तेवढंच सांगतो." काकांना अजिबात ओशाळल्यासारखं झालं नाही. त्यांनी पांढरी वायर पाकिटात घातली, रॉकेट नीट वर येईल असं लावलं, आणि खिळ्यावरून मला काढलं. माझ्यावरची धूळ आमोदच्या शर्टाच्या दिशेने झटकली.

पीं. पीं. आणि तिसरीला, पीं.

आयुष्यात दुसऱ्यांदा कोणीतरी माझ्या तिसऱ्या वायरीची विचारपूस केली. सुरुचीने माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं नखाने चाचपत वाचली. तीन वायरी, तांबं, जाडी दीड, आयएसआयचा शिक्का.

"फारच जाड आहे हो," आमोद म्हणालाच. "वाकते तरी का?"

"कॉम्प्युटरला लावायची ना? कमरेला नाही." काकांनी मला सुतळीशेजारी ताणून धरलं. मी सुतळीपेक्षा हातभर जास्त निघाले. "बरोबर मापाची आहे. पाच मीटरची नेऊन तिची गुंडाळी गादीखाली कोंबाल आणि ती तापेल. मग मला फोन करू नका."

अशी मी कोथरूडला आले. स्कूटरच्या हँडलला अडकवून. पिशवीचे पैसे वेगळे पडतील म्हणून आमोदने ती घेतली नाही.

सुरुचीने मला भिंतीच्या कडेने, कपाटाला वळसा घालून नेलं आणि जागोजागी चिकटपट्टी लावली. एक्स्टेंशन बोर्ड उचलला गेला. जुनी वायर काढून जुन्या चार्जरांच्या कापडी पिशवीत ठेवली. टाकली नाही. 'कधीतरी लागेल' या नावाची ही पिशवी कपाटात, माझ्या अगदी शेजारी असल्यामुळे तिची आणि माझी ओळख झाली.

या खोलीतला पॉइंट तीन छिद्रांचा होता. प्लग भिंतीत गेला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. आजींनी सवयीने डब्याला बोटाचं टोक लावून पाहिलं. मग पूर्ण बोट लावलं. मग तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "आमोद, हा बिघडला वाटतं. मुंग्या येत नाहीत."

त्याला स्वभाव राहिला नाही, हे त्यांना जरा रुचलं नाही. पुढे काही दिवस त्या आजोबांना चपला घालतच होत्या. मग आजोबांनी एकदा त्या पायांनीच खाली ढकलल्या आणि वाचत राहिले.

ते दिवस चांगले होते. दुपारी पंखा बंद व्हायचा, खिडकी लागायची, आणि आजोबांचा आवाज सुरू व्हायचा. वाचताना डावा तळहात ते कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे. पडल्या पडल्या हात टेकवायला तीच एक सोयीची जागा होती, आणि डबा कोमट असायचा. सुरुची उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. वाक्य संपलं की आजोबा क्षणभर थांबायचे, तेवढ्यात ती आपल्या वहीचं पान उलटून घ्यायची. मला सहकाराबद्दल बरंच कळलं. तपकिरी आणि निळी कामात असत. हिरवी-पिवळी ऐकत असे.

शेवटचे दोन धडे राहिले होते. शनिवारची दुपार होती. आजोबा वाचत होते, "आणि त्या वर्षी विणकरांनी स्वतःची—"

कॉम्प्युटरच्या आत, वीज घेणाऱ्या डब्यात एक वायर बरेच दिवस पत्र्याच्या धारेला घासत होती. त्या क्षणी तिचं आवरण फाटलं आणि ती पत्र्याला टेकली. वीज पत्र्यात आली. पत्र्यावर आजोबांचा तळहात होता आणि आजोबा लोखंडी कॉटवर होते. वीज सोपी वाट धरते. माझ्या हिरव्या-पिवळ्या वायरीने जन्मात काही काम केलेलं नव्हतं. अनुभव शून्य. तरी ती चुकली नाही. तिने सगळी वीज आपल्या अंगावर घेतली आणि भिंतीतून जमिनीत नेली. दारामागच्या पेटीतलं बटण खटकन पडलं आणि घरभरचे लाईट गेले.

आजोबांना काहीच जाणवलं नाही. ते फक्त म्हणाले, "अरे, लाईट गेले."

आजींनी खिडकी उघडून ओरडून विचारलं, "तुमच्याकडे आहेत का हो?" शेजाऱ्यांकडे होते. म्हणजे आपल्याकडेच काहीतरी. आमोदने बटण वर केलं. पुन्हा पडलं. कॉम्प्युटरचा प्लग काढून वर केलं, तर राहिलं. मला पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"सापडलं," तो म्हणाला. "ही नवीन वायर खराब आहे."

"तरी मी म्हणत होते, फार जाड आहे," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात अपेक्षाचा फोन आला. आजोबांनी स्पीकरवर घेतला.

"आजोबा, शेवटचे दोन धडे आज पाठवता म्हणाले होते जी. काहून नाही आले?"

"वायर बिघडली गं. आता लगेच दुसरी लावतोय."

"घाई नका करू. बुधवारी पेपर आहे. पण ते दोनच आठवणीत नाहीत माझ्या, बाकी सगळं पाठ आहे."

तिने 'घाई नका करू' म्हटल्यामुळे सगळ्यांना जास्तच घाई झाली. आमोदने कापडी पिशवीतून जुनी वायर काढली. एक्स्टेंशन बोर्ड आणला. आजींनी कपाटामागून चपला शोधून आणल्या, फुंकर मारली, आणि आजोबांच्या पायांत घालायला वाकल्या. आजोबांनी पुस्तक उघडलं, ओळ शोधली, आणि डावा तळहात नेहमीप्रमाणे डब्यावर ठेवला.

मी फरशीवर पडले होते. काढून टाकलेली. त्या खोलीत काय होणार आहे हे मला आणि जुनीला कळत होतं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती वीज आत नेणार होती आणि तिच्याकडे परत बाहेर काढायला तिसरा पाय नव्हता. बटण पडलं नसतं. लाईट गेले नसते. सगळ्यांचं समाधान झालं असतं.

"बाबा," सुरुची म्हणाली.

आमोद जुनीचं एक टोक कॉम्प्युटरच्या पाठीत दाबत होता.

"बाबा."

"हां, झालंच. बोर्ड दे इकडे."

सुरुचीने बोर्ड दिला नाही. तिने वाकून जुनी वायर कॉम्प्युटरच्या पाठीतून उपसून काढली. दोन्ही टोकं मोकळी आहेत ना, ते पाहिलं. मग आजींच्या शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री घेतली आणि वायरीचे मधोमध दोन तुकडे केले. कात्रीला जरा जड गेलं. तिने दोन्ही हातांनी दाबलं.

जुनी गेली. तिला कोणी श्रद्धांजली वाहिली नाही. पण जाताना तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं मला वाटतं.

"माझी कात्री!" आजी म्हणाल्या.

"वेडी झालीस का?" आमोद ओरडला. "आता काय लावू मी?"

सुरुचीच्या हातात अजून कात्री होती. ती कात्रीकडेच बघून बोलली. "आधी मुंग्या यायच्या आणि लाईट राहायचे. आता मुंग्या येत नाहीत आणि लाईट जातात. जे आता लाईट घालवतंय, ते जुनी वायर असती तर कुठून गेलं असतं?"

आमोदने बोर्ड खाली ठेवला. आजींनी आजोबांच्या हाताकडे पाहिलं. मग आमोदने पाहिलं. सगळ्यात शेवटी आजोबांनी पाहिलं. त्यांचा तळहात अजून डब्यावर होता. त्यांनी तो सावकाश उचलला, डोळ्यांसमोर धरला, पुढून मागून बघितला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा असावा.

"सरोजिनी," ते म्हणाले, "चपला राहू दे."

आमोद म्हणाला, "पण सांगायचं ना नीट. कापायची काय गरज होती?"

"तिने हाक मारली होती," आजोबा म्हणाले. "दोनदा. मी ऐकलं. मला धडा संपवायचा होता, म्हणून मी गप्प बसलो." मग ते सुरुचीकडे वळले. "फोन दे गं तो."

त्या संध्याकाळी निधनवार्ता सोडून पहिल्यांदाच आजोबांनी मोबाईलवर काहीतरी वाचलं. उरलेले दोन्ही धडे त्यांनी फोनवर अपेक्षाला वाचून दाखवले. सुरुचीने पानं उलटली. मध्ये अपेक्षा "थांबा जी, हे परत" म्हणायची आणि आजोबा परत वाचायचे. आमोद बराच वेळ दारात उभा होता. मग तो आत आला, त्याने मला फरशीवरून उचललं आणि माझा प्लग पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं. तरी पुसला.

रविवारी कोपऱ्यावरचा समाधान आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने वीज घेणारा डबा उघडला आणि सोललेली वायर दाखवली. "ही पत्र्याला चिकटली होती. कोणाला झटका बसला नाही ना?"

"नाही," आजी म्हणाल्या.

"मग देवाचीच कृपा."

आजींनी देवापुढे साखर ठेवली. माझ्यापुढे काही ठेवलं नाही. मला साखरेचा उपयोगही नाही, मुंग्या मात्र लागल्या असत्या, खऱ्या.

वीज घेणारा डबा बदलला आणि मला पुन्हा जागेवर लावलं. आजोबा म्हणाले, फोनवर वाचलेलं वाऱ्यावर जातं, पुढच्या वर्षी दुसरं कोणी हेच पुस्तक मागेल. म्हणून त्यांनी ते दोन्ही धडे रेकॉर्ड केले. शनिवारी तुटलेला तुकडा कॉम्प्युटरने जपून ठेवला होता. आजोबांनी तो सुरुवातीपासून न वाचता, जिथे तुटला तिथूनच पुढे जोडला. पेपरच्या आधी सगळं पुस्तक अपेक्षाकडे पोचलं.

आता कॉट परत गेली आहे. आजोबा काठी घेऊन हॉलपर्यंत जातात. कॉम्प्युटर मात्र त्यांनी इथेच ठेवायला सांगितलं. मी कपाटाला वळसा घालून पडलेली असते. माझ्यावर धूळ बसते. एका ठिकाणची चिकटपट्टी सुटली आहे, ती कोणीतरी लावावी. आणि तुम्ही कधी वायर घ्यायला गेलात तर, माझी एक विनंती आहे. सुतळीने मोजून जा. आणि दुकानदाराला तिसरी पिन वाजवून दाखवायला सांगा. लाज वाटली तर प्लग हातात धरून नुसते उभे राहा. तेवढंही पुरतं.

पेपरच्या दुसऱ्या दिवशी अपेक्षाचा फोन आला होता. पेपर बरा गेला म्हणाली. मग म्हणाली, "आजोबा, एक विचारू? शेवटून दुसऱ्या धड्यात तुम्ही एका ठिकाणी मध्येच थांबता. 'विणकरांनी स्वतःची' म्हणता आणि थांबता. मग 'पतपेढी काढली' म्हणता. तिथे काय झालं होतं?"

आजोबांनी सुरुचीकडे पाहिलं. सुरुची पुसलेला कप पुसत होती.

"लाईट गेले होते," आजोबा म्हणाले. "कापून टाकू का तेवढं? ऐकताना अडखळायला होत असेल."

"नको जी, राहू द्या," अपेक्षा म्हणाली. "तिथे मी पण जरा थांबते."

मी जन्मभरात केलेलं काम तुम्हाला ऐकायचं असेल, तर ते तेवढं थांबणंच आहे.